आत्याचे गुडघे

आमच्या घराण्याचे पाय फेंगडे. टाचा जुळवून ताठ उभं राहिलं तरी दोन गुडघ्यांमधून मांजर अंग न घासता निघून जाईल एवढी फट राहते. आजोबांचे तसे होते, बाबांचे तसे आहेत, माझेही तसेच. बाबा आयुष्यभर ढगळ पँटी घालत आले आणि मी फोटोत एक पाय पुढे टाकून उभी राहते. आत्यानं मात्र असली लपवाछपवी कधी केली नाही. शाळेत मुली तिला 'कंस' म्हणायच्या. मामा नव्हे, गणितातला. ती त्यांना सांगायची, "कंसातलं आधी सोडवतात. तुम्ही थांबा रांगेत."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. दोनदा लग्न ठरता ठरता राहिलं, तिसऱ्यांदा तिनंच विषय बंद केला आणि आमच्या घरातली मागची खोली कायमची घेतली. ती लिफ्टची मेकॅनिक. इमारतीच्या अगदी वर, जिथं लिफ्टचं यंत्र असतं त्या खोलीत, नाहीतर अगदी खाली, लिफ्टखालच्या खड्ड्यात तिचा दिवस जायचा. सुरुवातीला इमारतींचे रखवालदार तिला दारातच अडवून मेकॅनिक कुठं आहे असं विचारायचे. एका सोसायटीचे सेक्रेटरी तर तिच्या तोंडावर म्हणाले होते, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. आत्या म्हणाली, मिशा नाहीत पण पाना आहे, चालेल का? त्यांची लिफ्ट पुढं बारा वर्षं तिच्याच हाताखाली होती.

तिच्याबरोबर काम करणाऱ्या गृहस्थांना सगळे ग्रीसकाका म्हणत. त्यांचा मुलगा सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत डर्ट बाइक चालवायचा. आत्या शेहेचाळीस वर्षांची असताना एकदा काकांबरोबर त्याला आणायला गेली आणि एकच चक्कर मारून बघते म्हणाली. स्कूटर तर ती तरुणपणापासून चालवत होती. त्या एका चकरेत ती तीनदा पडली. घरी आली तेव्हा भुवयांवरसुद्धा धूळ होती. अंघोळ केली, गुपचूप जेवली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या काकांना विचारलं, अशी गाडी जुनी कुठं मिळते.

गाडी आली. ती उंच, आत्या बुटकी. तिनं सीटचा फोम कापून ती खाली आणली. आई म्हणाली, "वन्सं, या वयात लोक चालायला जातात." आत्या म्हणाली की तीही जाणारच आहे, फक्त पाय टेकवणार नाही.

त्या खाणीत वर्षातून एकदा शर्यत व्हायची. दोन तास खाणीभोवती चकरा मारायच्या; वेळ संपल्यावर शेवटची चक्कर पुरी करून जो रेघ ओलांडेल त्याचं नाव 'पूर्ण' असं पुकारायचे. जिंकणारे वेगळेच असत, त्यांच्याशी आत्याला देणंघेणं नव्हतं. तिला पूर्ण व्हायचं होतं. पहिल्या वर्षी साखळी उतरली. पुढच्या वर्षी तिचाच दम उतरला. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला.

खाणीच्या मागच्या बाजूला एक डावं वळण आहे. चिखल वाळून तिथं चाकांचे खोल चर पडलेले असतात. गाडी डावीकडं कलली आणि आत्यानं जे कुणीही करेल तेच केलं, डावा पाय टेकवला. पाय चरात अडकला आणि गाडी वळत राहिली. "ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला," ती नंतर म्हणाली. "मला वाटलं गाडीचं काही मोडलं. मी आधी गाडीच बघितली."

गुडघ्याच्या आतलं एक लिगामेंट अर्धं फाटलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआयचे फोटो उजेडात धरून सगळं नीट समजावलं. ऑपरेशनची घाई नव्हती. व्यायाम केला तर रोजचं चालणं, जिने, तिचं काम, सगळं होण्यासारखं होतं. गाडी मात्र सोडलेली बरी, असं त्यांचं मत पडलं. लिफ्टच्या शाफ्टमधल्या शिडीवर चढायला परवानगी आहे तर गाडीवर बसायला का नाही, हा आत्याचा प्रश्न त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. शिडीवर पाय सरळ रेषेत वाकतो, ते म्हणाले, गाडीवर पडताना तो पिळला जातो, आणि पीळ धरून ठेवणारा दोर तुमचा अर्धाच उरलाय. दोराची भाषा आत्याला कळली. तिनं पुढचा प्रश्न विचारला: बाहेरून धरून ठेवणारं काही मिळतं का? ब्रेस मिळतात, पण तो काही विमा नव्हे, मदत होईल, खात्री नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आत्यानं त्यातलं 'मदत होईल' तेवढं उचललं.

बाबांचं औषधांचं दुकान आहे. त्याच संध्याकाळी त्यांनी दुकानातली इलॅस्टिकची नी-कॅप आणली, आत्यापुढं ठेवली आणि गाडी विकायचा विषय काढला. आत्या नी-कॅप उलटसुलट करून बघत बसली. मग बाबांचा आवाज चढला.

"ताई, तुझी अक्कल गुडघ्यात आहे."

"म्हणून तर गुडघा जपायचा म्हणते," आत्या म्हणाली.

बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आत्यानं ती नी-कॅप कामावर घातली, घरात घातली. उबेला बरी वाटते, म्हणाली. पण एका सकाळी अंगणात तिनं पाऊल जमिनीवर घट्ट रोवलं, कमरेतून वळून पाहिलं आणि भिंतीला धरून खाली बसली. गुडघा आतल्या आत सटकला होता. ही नी-कॅप म्हणजे नुसता मोजाच, ती म्हणाली, तो ऊब देतो, पकडत नाही.

मग खाणीतली मंडळी मदतीला धावली. तिथं एक उंच तरुण होता, त्याला सगळे जिराफ म्हणत. त्यानं आपला जुना ब्रेस दिला: मांडीला आणि पोटरीला धरणारी कडक चौकट, दोन्ही बाजूंना बिजागऱ्या, चार पट्टे. आत्यानं पट्टे शेवटच्या टोकापर्यंत ओढले. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत जाईतो ब्रेस नडगीवर घसरला होता, नाडी तुटलेल्या परकरासारखा. आई तोंडाला पदर लावून आत गेली. आत्याही हसली, पण तेवढ्यात तिनं एक गोष्ट टिपली होती. बिजागरी गुडघ्याच्या वाटीच्या बरोबर मध्यावर नसेल तर पाय एकीकडं वाकतो आणि चौकट दुसरीकडं. असा ब्रेस नसलेला परवडला. तिनं तो धुऊन पुसून जिराफाला परत दिला.

तिसरी चूक तिची स्वतःची. तिनं तसं नंतर सरळ कबूलही केलं. जे सगळ्यात जड, तेच सगळ्यात भक्कम, हा तिचा धंद्यातला हिशेब. दवाखान्याच्या सामानाच्या दुकानात जाऊन तिनं मांडीच्या मध्यापासून नडगीच्या खालपर्यंत जाणाऱ्या लांब सळयांचा ब्रेस आणला. ऑपरेशन झालेल्या माणसांना देतात तो. दुकानदारानं कशासाठी हवा विचारलं तेव्हा ती नुसतं 'गुडघ्यासाठी' म्हणाली. तो घालून बूट चढेना. सळई कापता येईल का याचा तिनं बराच विचार केला, अखेर बूट न घालताच अंगणात गाडीवर बसून पाहिलं. टाकीला गुडघा टेकेना, पाय पुरता वाकेना, आणि गाडी कलली तेव्हा पाय वेळेवर खाली येईना. उभ्या गाडीवरून ती कुंड्यांमध्ये आडवी झाली. आईच्या दोन कुंड्या गेल्या. आईनं त्या दिवशी एक अवाक्षर काढलं नाही, आणि आमच्याकडं आई गप्प बसली की समजायचं असतं.

त्या रात्री जेवताना आत्या म्हणाली, "माझं चुकलं. मला वाटत होतं, पाय धरून ठेवायचाय. पाय चालवायचाय, आणि फक्त जिथं जायला नको तिथं अडवायचाय." मग स्वतःशीच मान हलवून म्हणाली, "कुणाला तरी विचारायला पाहिजे."

ज्यांना विचारायचं ते हाडांच्या डॉक्टरांनीच सुचवले. दवाखान्याच्या मागं एका लांबट खोलीत एक गृहस्थ कृत्रिम पाय, पट्टे आणि आधार बनवायचे. दवाखान्यात सगळे त्यांना साचेवाले म्हणत. मी नुकतीच नोकरीला लागले होते, त्या दिवशी अर्धी रजा टाकून मीच आत्याला घेऊन गेले. खोलीत प्लास्टरचा बारीक भुगा सगळीकडं पसरलेला, साचेवाल्यांच्या चष्म्यावरसुद्धा. भिंतीवर पायांचे पांढरे साचे टांगलेले. आत्या ते साचे बघत राहिली आणि हळूच मला म्हणाली, यात एकही आपल्या घरचा दिसत नाही.

साचेवाल्यांनी तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. मग टेप काढली. गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून वर एक वीतभर अंतरावर मांडी मोजली, तेवढीच खाली पोटरी मोजली. आधी उजवा पाय, मग डावा. डावी मांडी उजवीपेक्षा चांगलीच बारीक भरली. दुखापतीनंतर ती वाळली होती, आणि आत्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

त्यांनी टेप गुंडाळली आणि आज काही करता येणार नाही म्हणून सांगितलं. आत्याला ते पटेना. शर्यतीला वर्षही उरलं नव्हतं, त्याआधी सराव करायचा होता. आयुष्यभर लिफ्टमध्ये काम केलंय, अडवणारी वस्तू कशी असते ते आपल्याला कळतं, असं ती ठासून म्हणाली.

"लिफ्ट जाड-बारीक होत नाही, बाई," साचेवाले म्हणाले. "ब्रेस हाडावर बसत नाही, मांसावर बसतो. आज दिला तर आजच्या बारीक मांडीचा देईन. व्यायाम केलात तर तो आवळेल, नाही केलात तर घसरेल. आधी मांडी भरून आणा. मांडी भरली की अर्धं काम तीच करेल, उरलेलं ब्रेस करेल. गुडघ्याला बाशिंग बांधायची एवढी घाई..." आणि ते मध्येच थांबले. पुढ्यात बसलेली बाई पन्नाशीची आणि गळ्यात मंगळसूत्र नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते टेप पुन्हा उलगडू लागले.

आत्याला हसू आवरेना. "बांधायचंच म्हणून तर आले," ती म्हणाली. "मुहूर्त तुम्ही काढा."

मुहूर्त असा ठरला की डावी मांडी उजवीच्या बरोबरीला आली की यायचं.

दवाखान्यातल्या फिजिओनं तिला व्यायाम शिकवले, आणि त्याच्या जोडीला पहिले काही आठवडे गेल्यावर जिने चढायला सांगितले. आत्याला जिन्यांची काय वाण. ती रोज कुठल्या ना कुठल्या उंच इमारतीतच असायची. खाली लिफ्टचं दार उघडं टाकून ती हातात हत्यारांची पेटी घेऊन जिन्यानं वर निघायची. त्यातून निराळाच घोटाळा झाला. लिफ्टची मेकॅनिक स्वतः जिन्यानं जाते म्हटल्यावर रहिवासी लिफ्टमध्ये पाऊल टाकायला कचरू लागले. एक आजोबा चौथ्या मजल्यावरून काठी टेकत टेकत तिच्या मागोमाग उतरले. कंपनीत दोन तक्रारी गेल्या. साहेबांनी तिला बोलावून घेतलं. आत्यानं पँट वर करून त्यांना गुडघा दाखवला आणि कारण सांगितलं. त्यानंतर ती जिना चढायला लागली की ग्रीसकाका खाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, लिफ्ट ठणठणीत आहे, बाईंचा पाय बिघडलाय.

घरी दर रविवारी मांडी मोजायचा कार्यक्रम असायचा. सुरुवातीला ती स्वतःच मोजायची आणि दर रविवारी खूश असायची. एकदा बाबा तिथून जाताना थबकले. टेपच्या खाली दोन बोटं जातील एवढी ती सैल धरली होती.

"ताई, हे माप आहे की लाच?" त्यांनी विचारलं आणि टेप तिच्या हातातून काढून घेतली. त्यानंतर दर रविवारी बाबाच मोजायचे. गाडीला त्यांचा विरोध तसूभरही कमी झालेला नव्हता. पण खोटं माप त्यांना दुकानात चालत नाही, घरात कुठून चालणार. मोजून झालं की आकडा सांगायचे आणि वर्तमानपत्रात डोकं घालायचे. कधीकधी आठवडा कोरडा जायचा, आकडा जागचा हलायचा नाही. अशा रविवारी आत्या दुपारी झोपायची नाही, आणि चार वाजता मागच्या खोलीतून भिंतीला पाठ लावून उठाबशा काढतानाचे तिचे सुस्कारे ऐकू यायचे. एकदा आईनं मला म्हटलं, बाई मोडेल पण वाकायची नाही. आणि मग स्वतःच दुरुस्त केलं, वाकते, सारखी वाकतेच आहे.

शेवटी एका रविवारी बाबांनी दोनदा मोजलं. मग टेप खाली ठेवून म्हणाले, "सारख्या आहेत." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, पण आकडा त्यांनी लपवला नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या बूट, जाड विजार, सगळं पिशवीत भरून साचेवाल्यांकडं हजर. त्यांनी तिला ते कपडे घालायला लावले आणि लाकडी घोडीवर, गाडीवर बसावं तशी बसवलं. त्यांच्यापुढं दोन वाटा होत्या. एक म्हणजे तिच्या पायाचा साचा घेऊन त्यावरून ब्रेस बनवायचे. ते पायाला कातडीसारखे बसतात. दुसरी म्हणजे कारखान्यातून येणारे तयार ब्रेस घ्यायचे आणि आतल्या गाद्या कमी-जास्त करून पायाशी जुळवायचे. तयार ब्रेस तिला पहिल्यांदा घातला तेव्हा आमच्या घराण्यानं इंगा दाखवला. गुडघा बाहेर झुकलेला, चौकट सरळ. त्यामुळं बाहेरची बिजागरी हाडाला टोचत होती आणि आतली अधांतरी. साचेवाल्यांनी बाहेरची गादी काढून कागदासारखी पातळ लावली, आतली चांगली जाड केली. तिला उभं केलं, बसवलं, खोलीबाहेरचा जिना वर-खाली करायला पाठवलं. परत आल्यावर कातडीवरच्या लाल खुणा बघितल्या आणि गाद्या पुन्हा बदलल्या. असं तीन-चारदा झालं. कुठला पट्टा आधी आवळायचा हेही त्यांनी तिला घोकून घ्यायला लावलं: आधी पोटरीच्या वरचा, म्हणजे ब्रेस खाली घसरत नाही, मग बाकीचे.

आत्याचे प्रश्न निराळे होते. पट्टा तुटला तर मिळतो का? बिजागरी झिजली तर? तयार ब्रेसचा सुटा भाग आठवड्यात येतो, साच्यावरच्याला महिना थांबावं लागतं, असं उत्तर आलं. आत्यानं तिथंच ठरवलं. दुरुस्त होत नाही ती वस्तू आपल्या कामाची नाही, ती म्हणाली. साचेवाले म्हणाले, साच्याचा थोडा जास्त नेमका बसला असता. ती म्हणाली, तुम्ही गाद्या लावल्यात तेवढं नेमकं मला पुरे.

मग त्यांनी बिजागरीत एक छोटी पाचर बसवली. तिच्यामुळं पाय पूर्ण ताठ होण्याच्या जरा आधीच अडतो, उलटा जात नाही. आत्यानं पाय झटकून पाहिला. 'टक्' असा बारीक आवाज आला. तिनं पुन्हा झटकला, पुन्हा टक्. लहान मूल खुळखुळा हलवतं तशी ती बसली होती.

खरा वाद झाला तो उजव्या पायावरून. साचेवाले जोडी घ्या म्हणत होते. आत्याचा मुद्दा सरळ होता: उजवा धडधाकट आहे, त्याला कशाला अडकवायचं? शिवाय जोडीची किंमत ऐकून ती म्हणाली होती, माझी गाडी एवढ्याला मिळेल. साचेवाल्यांनी तिला एकच ब्रेस घालून घोडीवर बसवलं आणि डोळे मिटून दोन्ही गुडघ्यांनी घोडी दाबायला सांगितली. ती एका बाजूला झुकली. डोळे उघडून तिनं स्वतःकडं पाहिलं. पडताना तुम्ही मोकळाच पाय पुढं कराल, ते म्हणाले, मग पुढच्या वर्षी दुसऱ्या गुडघ्यासाठी याल.

आत्यानं उजव्या गुडघ्यावर हात ठेवून पाहिला. मग म्हणाली, "लिफ्टला एकाच बाजूनं पकड लावत नाहीत. लावली तर ती वाकडी अडकते. द्या जोडी."

शर्यतीच्या दिवशी मी येणार नाही, असं बाबांनी आठवडाभर आधीपासून बजावलं होतं. सकाळी मात्र ते दुकानातली प्रथमोपचाराची मोठी बॅग घेऊन गाडीत बसलेले दिसले. तिथल्या लोकांच्या कापसापट्टीवर आपला भरवसा नाही, एवढंच ते म्हणाले. आई छत्री घेऊन आली होती. खाणीच्या काठावर आम्ही एका दगडावर बसलो. ऊन, धूळ आणि इंजिनांचा तो आवाज, सगळं पहिल्यांदाच बघत असलेली आई जवळून कुणी गेलं की छत्री आडवी धरायची.

आत्या सगळ्यांच्या मागं सुटली आणि मागंच राहिली. पण ती थांबत नव्हती. जिराफ एकामागून एक चकरा घेत तिला ओलांडून जायचा आणि दर वेळी हात वर करायचा. ती फक्त मान हलवायची, हात सोडायची तिची तयारी नव्हती. त्या डाव्या वळणावर ती दर चकरेला बाहेरच्या अंगानं, जिथं चर कमी होते तिथून लांबचा वळसा घेत होती. वेळ जात होता, पण ती वळसा सोडत नव्हती.

दोन तास संपत आले तेव्हा ती दमली होती. ते लांबूनही कळत होतं, खांदे पडले होते. त्या चकरेला तिनं वळसा घेतला नाही. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, घेतला नाही असं नाही, घ्यायचं राहून गेलं. गाडी चरात शिरली, डावीकडं कलली, आणि इतके दिवस स्वतःला बजावूनसुद्धा तिचा डावा पाय बाहेर आलाच. तो पुन्हा चरात अडकला आणि गाडी वळत राहिली. आत्या गाडीवरून पुढं हातावर पडली.

बाबा उभे राहिले होते. बॅग हातात होती, पण ते जागचे हलले नाहीत. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

आत्या उठून बसली. तिनं डावा पाय वाकवला. सरळ केला. पुन्हा वाकवला. मग अगदी सावकाश, जणू घरी मागच्या खोलीत बसली आहे अशी, पोटरीच्या वरचा पट्टा सोडून पुन्हा आवळला, मग मांडीचे. दोन गाड्या तिच्या बाजूनं गेल्या, त्यांच्याकडं तिनं पाहिलंही नाही. उभी राहिली, गाडी उचलायला गेली आणि डावा हात झटकन मागं घेतला. मग उजव्या हाताचा आणि खांद्याचा जोर लावून गाडी उभी केली. गाडी चालू होईना. ती किक मारत राहिली. आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. इंजिन धडधडलं तेव्हा बाबा खाली बसले.

रेघ ओलांडली तेव्हा तिच्या मागं एकच जण होता आणि त्याचं चाक पंक्चर होतं. पुकारणाऱ्यानं तिचा नंबर घेतला आणि 'पूर्ण' म्हणाला.

बाबांनी तिला एका उलट्या क्रेटवर बसवलं. ब्रेस काढले. मांडीवर पट्ट्यांचे लाल वळ उमटले होते. डॉक्टर करतात तसं त्यांनी तिचा गुडघा वाकवून पाऊल दाबून धरलं, नडगी पुढं ओढून पाहिली, आजूबाजूला हलवून पाहिली. बराच वेळ पाहिलं.

"होता तसाच आहे," ते शेवटी म्हणाले. "हात दाखव."

मनगट सुजून टम्म झालं होतं. दुसऱ्या दिवशी फोटोत बारीक तडा दिसला आणि हात प्लास्टरमध्ये गेला. कंपनीनं तिला दोन महिने कचेरीत फोन घ्यायला बसवलं. गुडघ्याच्या दुखण्यात ती जेवढी चिडली नव्हती तेवढी त्या खुर्चीवर चिडली. तिची वेणी आई घालायची, आणि वेणी घालता घालता कुंड्यांचा विषय काढायची. आत्यानं सहा नव्या कुंड्या आणून दिल्या.

डाव्या ब्रेसची चौकट किंचित वळली होती. साचेवाल्यांनी ती टेबलावर ठेवून एका डोळ्यानं पाहिली. ही वळली म्हणून गुडघा वाचला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, ते म्हणाले, मांडीनं वाचवला असेल, नशिबानं वाचवला असेल. मग चष्मा पुसत म्हणाले, पण बरं वाटलं. वळलेला दांडा त्यांनी सरळ केला नाही, बदलून दिला.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. आत्या पंचावन्नची आहे आणि अजून चालवते. उंचवट्यावरून उडी घेणं तिनं आपणहून सोडलं. पडले तर आता वेळ लागतो भरून यायला, असं ती म्हणते आणि त्यात तिला कमीपणा वाटत नाही. त्यानंतर ती आणखी दोनदा पूर्ण झाली आणि एकदा पावसामुळं शर्यतच झाली नाही. खाणीत हल्ली तीन-चार बायका येतात. त्यातल्या कुणी ब्रेसबद्दल विचारलं तर ती कुठला घ्या ते सांगत नाही, साचेवाल्यांचा पत्ता देते आणि आधी मांडी मोजून घ्या म्हणते. बाबांनी आजवर तिला गाडीसाठी 'हो' म्हटलेलं नाही. गेल्या महिन्यात जिना उतरताना त्यांचा उजवा गुडघा धरला. दोन दिवस त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी आत्याला विचारलं, ते भिंतीला पाठ लावून करतात ते नक्की कसं करायचं. आत्यानं कप खाली ठेवला, उठली आणि त्यांना भिंतीपाशी उभं केलं.